मलय व ओरोमो : दोन भाषांच्या तुलनेचें मर्म

मलय भाषेंत धर्मग्रंथास 'किताब' म्हणतात. ओरोमो भाषेंत कोणत्याहि पुस्तकास 'किताबा' म्हणतात. गुरुवारास पहिलींत 'खमिस' तर दुसरींत 'कामिसा', व शुक्रवारास पहिलींत 'जुमात' तर दुसरींत 'जिमाता' असे शब्द आहेत. एक भाषा सुमात्रा, मलाक्का व बोर्निओ यांच्या किनाऱ्यांची. दुसरी इथिओपियाच्या पठारांची व उत्तर केनियाची. मध्यें सारा हिंदी महासागर पसरलेला आहे. इतक्या अंतरावर इतकें साम्य पाहून या दोन भाषा एकाच कुळांतील असाव्या, असा तर्क एखाद्या जिज्ञासूच्या मनांत आल्यास नवल नाहीं. तो तर्क कां टिकत नाहीं, आणि तो टाकल्यावरहि या तुलनेंतून इतिहासाभ्यासकाच्या हातीं काय लागतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. उसनें धन

वर दिलेले तिन्ही शब्द मूळचे अरबी. 'किताब' हा शब्द मराठींतहि आहे. म्हणून मराठी ही अरबीची बहीण, असें कोणी म्हणत नाहीं. व्यापार व इस्लाम धर्म यांच्याबरोबर हे शब्द पूर्वेस मलाक्काच्या बंदरापर्यंत व पश्चिमेस तांबड्या समुद्रावरून हरारपर्यंत गेले. उसना शब्द संपर्काची साक्ष देतो, जन्माची देत नाहीं.

मलय भाषेंत अरबीच्याहि खालीं एक जुना थर आहे, तो संस्कृताचा. भाषेस 'बहासा', देशास 'नगारा', मस्तकास 'कपाला' व उपवासास 'पुआसा' हे शब्द त्या थरांतील होत. मुसलमान मलयी मनुष्य रमजानाचे रोजे पाळतो तेव्हांहि तो 'पुआसा'च करतो. उलट, आपल्याकडील उपवासाच्या साबुदाण्यांतील 'साबू' हा मलयाच्या 'सागू'चाच अवतार आहे. शब्दांची देवघेव ही अशी धर्म व कुळ न पाहतां चालते.

२. कुळाची कसोटी

कुळ ठरवावयाचें तर लहान संख्यावाचकें व सर्वनामें हीं आधीं पाहावीं. कारण घरांतले हे शब्द सहसा बदलत नाहींत. शिवाय एकादुसरें साम्य पुरत नाहीं. ध्वनींचा संबंध नियमानें जुळला पाहिजे.

मलयांत एकपासून पांचपर्यंत 'सातु, दुआ, तिगा, अंपात, लिमा' अशी गणना आहे. ओरोमोंत 'तोक्को, लमा, सदी, अफुर, शन' अशी आहे. मलयाचा 'लिमा' व ओरोमोचा 'लमा' कानास जवळचे वाटतात. पण एकाचा अर्थ पांच व दुसऱ्याचा दोन. आतां ओरोमोच्या शेजारची सोमाली घ्या : दोनास 'लबा', चारास 'अफर', पांचास 'शन'. येथें नातें उघड आहे. दोन्ही भाषा कुशी शाखेच्या व त्या शाखेमार्फत आफ्रो-आशियाई कुळाच्या. म्हणूनच ओरोमोच्या 'अनि' (मी) या सर्वनामाचें नातें अरबीच्या 'अना'शीं आहे. तें उसनें नव्हे, वडिलोपार्जित आहे.

मलयाचे सोयरे मात्र आश्चर्यकारक ठिकाणीं सांपडतात. आफ्रिकेच्या अगदीं जवळ असलेल्या मादागास्कर बेटावरील मलागासी भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळाची, म्हणजे मलयाच्याच घरची आहे. डच प्रवासी फ्रेडरिक द हाउटमन यानें १६०३ सालीं मलय व मलागासी या दोन्ही भाषांचा शब्दसंग्रह एकत्र छापला. मलयाचा 'लिमा' मलागासींत 'दिमि' होतो व 'कुलित' (कातडें) 'हुदिट्र' होतो. म्हणजे 'इ'च्या आधींचा 'ल' दोन्हीकडे 'द' झाला. यास नियम म्हणतात. मलागासींत चारास 'एफाट्र' म्हणतात. तो ओरोमोच्या 'अफुर'शीं जुळतो असें भासतें, व मादागास्कर आफ्रिकेजवळ असल्यामुळें मोहहि पडतो. पण दोन, तीन व पांच यांचे शब्द ताडून पाहिल्यास ('रुआ, तेलु, दिमि' विरुद्ध 'लमा, सदी, शन') तो योगायोग ठरतो. असा मोह थोरांसहि चुकला नाहीं. संस्कृतादि भाषांचें नातें शास्त्रशुद्ध रीतीनें दाखविणारा फ्रान्झ बोप यानेंच १८४१ सालीं मलय-पोलिनेशियन भाषा संस्कृताच्या कुळाशीं जोडण्याचा प्रयत्न केला; विद्वानांनीं तो मान्य केला नाहीं.

३. घडणीचा भेद

दोन्ही भाषांत एका धातूपासून अनेक शब्द घडतात. पण कारागिरी निराळी. मलयांत 'आजार' या धातूस पुढें उपसर्ग लागून 'बलाजार' (शिकणें), 'मङाजार' (शिकविणें), 'पलाजार' (विद्यार्थी) व 'पङाजार' (शिक्षक) हे शब्द होतात. ओरोमोंत 'बर' हा धातू पुढें अचल राहतो व सारें काम शेवटीं चालतें : 'बरचू' (शिकणें), 'बरसीसू' (शिकविणें), 'बरता' (विद्यार्थी), 'बरसीसा' (शिक्षक). मलय क्रियापद पुरुष व लिंग यांची दखल घेत नाहीं. 'तो गेला' व 'ती गेली' या दोहोंसहि 'दिआ पर्गी' एवढेंच. ओरोमोंत मात्र 'इन्नी देमे' व 'इशेन देमते' असा भेद होतो, आणि क्रियापद मराठीप्रमाणेंच वाक्याच्या शेवटीं येतें.

यावरून मराठी वाचकास ओरोमो जवळची वाटेल. पण ऐकणारास वगळून 'कामी' व त्यास धरून 'किता' असा मलयांतला भेद पाहिला कीं, 'आम्ही' व 'आपण' यांची आठवण होऊन मलयच जवळची वाटूं लागते! वस्तुतः दोहोंशींहि मराठीचें रक्ताचें नातें नाहीं. घडणीचें साम्य हेंहि कुळाचा पुरावा नव्हे.

४. दोन भाग्यें

येथपर्यंत भाषाशास्त्र झालें. आमच्या मतें तुलनेचें खरें फल पुढें आहे.

सुमात्रांतील पालेंबांगजवळ १९२० सालीं सांपडलेला केदुकान बुकित शिलालेख शक ६०५, म्हणजे इ. स. ६८३ चा आहे. लिपि पल्लव, कालगणना आपल्या परिचयाची शकाची, व भाषा जुनी मलय. श्रीविजयाच्या अधिपतीनें 'दुअ लक्ष' सैन्य नेल्याचा उल्लेख त्यांत आहे. 'दुअ' हा घरचा शब्द, 'लक्ष' हा उसना, व त्याचें मोल तेथें दहा हजार. 'मर्लपस' (निघणें) हें क्रियापद आज 'बर्लपास' या रूपानें जिवंत आहे. म्हणजे मलयाचा सांगाडा तेराशें वर्षांपूर्वींच दगडावर उमटला. पुढें ती बंदरोबंदरीं व्यवहाराची बोली झाली. १९२८ सालीं इंडोनेशियांतील तरुणांनीं राष्ट्रभाषेची शपथ घेतली तेव्हां जावी बोलणारे कितीतरी अधिक असतांहि निवड मलयाचीच झाली. १९४५ च्या राज्यघटनेनें ती कायम केली.

ओरोमोची गति उलट. इथिओपियांत मातृभाषा म्हणून सर्वांत अधिक लोकांची भाषा हीच. तरी तिचा असा जुना शिलालेख नाहीं. ओरोमोंचा इतिहास प्रथम विस्तारानें लिहिला तो बाह्रे नांवाच्या ख्रिस्ती धर्मगुरूनें, १५९३ च्या सुमारास, गीझ भाषेंत व विरोधी पक्षाच्या दृष्टीनें. तेथें ओरोमोंस 'गाल्ला' म्हटलें आहे. तें नांव त्या लोकांस अपमानकारक वाटत असल्यामुळें आम्हीं तें अन्यत्र वापरिलें नाहीं. परंतु त्याच ग्रंथांत एक मोलाची गोष्ट आहे. बाह्रे यानें घटना क्रमानें मांडल्या त्या ओरोमोंच्याच 'लुबा'च्या क्रमानें. गदा नांवाच्या त्यांच्या संस्थेंत दर आठ वर्षांनीं सत्ता एका वर्गाकडून दुसऱ्याकडे जाते व प्रत्येक वर्गाचें नांव स्मरणांत राहतें. या गणनेवरूनच आधुनिक अभ्यासकांनीं सोळाव्या शतकांतील हालचालींचीं वर्षें बसविलीं. ज्यांच्याजवळ कागद नव्हता, त्यांच्याजवळ शकावली होती.

ही भाषा कागदावर आली तीहि मोठ्या दुःखाच्या वाटेनें. बव्हेरियांत आणलेल्या मुक्त गुलाम तरुणांच्या तोंडून ऐकून कार्ल टुचेक यानें केलेला कोश त्याच्या मृत्यूनंतर १८४४ सालीं निघाला. लहानपणींच पळवून विकला गेलेला व १८७० सालीं मसावा येथें मुक्त झालेला ओनेसिमोस नेसिब यानें ओरोमो बायबल सिद्ध केलें. तें १८९९ सालीं छापलें गेलें. त्याची सहकारी अस्तेर गन्नो हीहि गुलामगिरींतून सुटलेलीच. शेंकडों लोकगीतें व कथा तिनें टिपून ठेविल्या, आणि दोघांचें वाचनपुस्तक १८९४ सालीं निघालें. इतकें होऊनहि सम्राट हैले सेलासी यांच्या कारकीर्दींत (१९३०–१९७४) शाळा व छापखाना यांचीं दारें ओरोमोस जवळजवळ बंदच राहिलीं. शेख बक्री सपालो यांनीं १९५६ सालीं स्वतंत्र लिपि रचिली. राज्यकर्त्यांनीं ती रुजूं दिली नाहीं. १९९१ सालीं 'कुबे' ही रोमन वर्णमाला स्वीकारली गेली. 'बदा' म्हणजे वाईट व 'बद्दा' म्हणजे उंच थंड प्रदेश. हें द्वित्व इथिओपिक लिपींत दिसत नसे, तें कुबेंत दिसतें.

५. आमच्या दप्तरांतील एक शब्द

दोन्ही भाषांच्या व्याकरणांत उणें असें कांहींच नाहीं. बोलणारांच्या संख्येवर भाग्य ठरतें म्हणावें, तर निकाल दोन्हीकडे उलट लागला. बंदर, राज्य व लेखणी यांनींच तो लाविला.

महाराष्ट्रास ही गोष्ट परकी नाहीं. मलिक अंबर (१५४८–१६२६) इथिओपियांत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला व अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला. जंजिऱ्याचे सिद्दी सर्वांस ठाऊक आहेत. आमचीं दप्तरें या साऱ्यांस 'हबशी' या एकाच शब्दांत गुंडाळतात. इथिओपियांत ऐशींहून अधिक भाषा आहेत. तिकडून समुद्रापार विकलेल्या माणसाची आई त्यास कोणत्या भाषेंत हांक मारीत असे, हें त्या शब्दावरून कळत नाहीं. कागदावांचून इतिहास नाहीं, हें सूत्र संशोधकास शिस्त लावतें व तें आम्हांसहि मान्य आहे. पण कागद नाहीं म्हणून इतिहासच नव्हता, असा त्याचा व्यत्यास करणें हा निराळा दोष होय. मलयाचा शिलालेख वाचतांना जी दक्षता आपण घेतों, तीच 'हबशी' हा शब्द वाचतांनाहि घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.