कुलवृत्तांत आणि दोन संगणक

२०२५ मध्ये मॉसन लेक्सच्या आमच्या घरी वाद निघाला: संगणक सुधारावा की नवा घ्यावा? विंडोज १०च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबरला थांबणार होत्या. विंडोज ११ला टीपीएम २.० लागते, ते आमच्या यंत्रात नव्हते. नवा घेतला.

हाच वाद २००१ मध्ये पुण्यात झाला होता. बाबा विंडोज ९८वर कुलवृत्तांत लिहीत. तेव्हाच्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच काने, मात्रा, अर्धी अक्षरे बसवलेली असत. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण विंडोजमध्ये ती आली विंडोज २०००बरोबर. म्हणून मी नव्या यंत्राचा हट्ट धरला. "लिहिलेलं पुन्हा कोण उतरवणार?" म्हणत बाबांनी फक्त मेमरी वाढवली. (मी रुसलो होतो.)

आता त्या फायली नव्या संगणकावर आणल्या, फाँटही आणला. पान नीट दिसते. पण आमचे आडनाव शोधले तर सापडत नाही. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच! रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला, तरी जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात. बाबा आज नाहीत. रोज रात्री दोन पाने उतरवतो. पाचव्या पिढीपर्यंत आलो आहे.