जमिनीखालची वाट



शाळेंतून निवृत्त होऊन मला फार दिवस झाले नव्हते तेव्हांची गोष्ट आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील काटोलकडील आपल्या गांवाहून एक कागद घेऊन माझ्याकडे आले. कागद सरकारी होता, भाषा मराठीच होती, आणि तरीहि ती त्यांस उमगली नव्हती. त्यांच्या शेतांतील एका पट्ट्यांत भूमिगत नळ टाकावयाचा असून त्यासाठीं त्या पट्ट्यांतील ‘वापराचा हक्क’ संपादन करण्याचा सरकारचा इरादा आहे, असें त्यांत लिहिलें होतें. त्यांनीं मला एकच प्रश्न केला : “गुरुजी, एवढं सांगा, वावर गेलं का राह्यलं?”

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कायद्याची परीक्षा कधीं दिली नाहीं. मला त्यांस चटकन् उत्तर देतां आलें नाहीं, याची मात्र लाज वाटली. तेव्हांपासून जुने कायदे चाळण्याचा नाद लागला, आणि आज जें सांगणार आहें तें त्या नादाचेंच फळ होय.

आपल्या नागपूरपासूनच आरंभ करूं. अंबाझरीच्या बांधावर सायंकाळीं फिरावयास जाणारे लोक पुष्कळ आहेत. पण तें पाणी नळांतून शहरांत प्रथम आलें तेव्हां तो नळ कोणाच्या जमिनीखालून आला असेल, हा विचार त्यांच्यापैकीं किती जणांच्या मनांत येतो? १८७३ च्या सुमारास तें काम पुरें झालें. तें करणारा इंजिनियर अलेक्झांडर बिनी हा पुढें लंडनच्या काउंटी कौन्सिलचा मुख्य इंजिनियर झाला. नागपूरचा पाऊस, जमिनीवरून वाहणारें पाणी आणि बाष्पीभवन यांचीं त्यानें घेतलेलीं मोजमापें विलायतेंतील इंजिनियरांच्या संस्थेनें छापून काढलीं. त्या काळीं सरकारास खाजगी जमीन हवी असली तर १८७० चा दहावा कायदा होता. त्याची रीत सरळ होती : जमीन घ्यावयाची, मोबदला द्यावयाचा, आणि मालकाचें नांव कागदावरून काढावयाचें. तलावासाठीं ही रीत ठीक आहे, कारण तलावाच्या तळाशीं कोणी ज्वारी पेरीत नाहीं. पण नळ म्हणजे जमिनीच्या पोटांतून जाणारी एक रेघ. त्या रेघेसाठीं सबंध पट्टा विकत घेतला तर शेताचे दोन तुकडे होतात आणि शेतकऱ्यास स्वतःच्याच वावरांत जावयास परक्याची जमीन ओलांडावी लागते.

दुसऱ्याच्या जमिनींतून वाट किंवा पाणी नेण्याचा हक्क आपल्या लोकांस नवा नव्हता. मध्यप्रांताच्या बंदोबस्तांत गांवोगांव ‘वाजिब-उल्-अर्ज’ नांवाचें दप्तर करीत, त्यांत असले रिवाज लिहिलेले असत. १८८२ सालीं सुविधाधिकारांचा, वकील मंडळींच्या भाषेंत ‘ईझमेंट’चा, कायदा झाला. तो प्रथम लागू झाला तो मद्रास इलाखा, कूर्ग आणि आपला मध्यप्रांत या तीनच मुलखांना! मुंबई इलाख्यास तो मिळावयास १८९१ साल उजाडावें लागलें. नागपूरकरांनीं मुंबईकरांच्या पुढें असण्याचे प्रसंग थोडे, म्हणून हा मुद्दाम सांगितला.

परंतु या कायद्यांत एक अडचण आहे. सुविधाधिकार हा माणसाचा नसतो, तो जमिनीचा असतो. माझ्या शेताला पाणी हवें म्हणून तुमच्या शेतांतून पाट येतो. माझें शेत नसेल तर माझा हक्कहि नाहीं. शेंकडों कोसांवरून तेल आणणाऱ्या कंपनीचें शेजारीं शेत कोठून असणार?

या कोड्याचें उत्तर निघालें तें तारेच्या खांबांपासून. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्याच्या दहाव्या कलमांत असें ठरलें कीं, कोणाच्याहि जमिनीवरून अगर खालून तार न्यावी, परंतु सरकारास त्या जमिनींत वापराखेरीज दुसरा कोणताहि हक्क मिळूं नये. जमीन ज्याची त्याचीच. सरकारकडे फक्त वापर. माझ्या मतें सबंध इतिहासांत हें कलम सर्वांत महत्त्वाचें आहे. तरी १८९४ चा नवा भूसंपादन कायदा मूळच्या सबंध जमीन घेण्याच्या रीतीवरच चालला, आणि नळांना दीर्घकाळ त्याचाच आधार घ्यावा लागला.

स्वातंत्र्यानंतर आसामांतील नहारकटियाचें खनिज तेल बिहारांत बरौनीपर्यंत नळानें न्यावयाचें ठरलें, सरकारी तेलशुद्धि कारखाने उभे राहूं लागले, आणि १९६२ सालीं संसदेनें पेट्रोलियमच्या नळांसाठीं स्वतंत्र कायदा केला. १९७७ सालीं त्यांत खनिजांच्या नळांचीहि भर पडली. तारेच्या कायद्यांतील ‘वापराचा हक्क’ या कायद्याच्या नांवांतच येऊन बसला.

त्याची रीत अशी. प्रथम राजपत्रांत इरादा जाहीर होतो. हितसंबंधी माणसास एकवीस दिवसांच्या आंत लेखी हरकत घेतां येते, आणि त्याचें म्हणणें सक्षम प्राधिकाऱ्यास ऐकून घ्यावें लागतें. राहतें घर, त्याचें आवार किंवा पक्कें बांधकाम यांच्या खालून नळ नेतां येत नाहीं. नळ पृष्ठभागापासून एक मीटरपेक्षां कमी खोलहि चालत नाहीं. खांदण बुजल्यावर मालकानें पूर्वीप्रमाणें पीक घ्यावें. मात्र नवव्या कलमानें तीन गोष्टी बंद केल्या : त्या पट्ट्यांत इमारत बांधावयाची नाहीं, विहीर-तळें खोदावयाचें नाहीं, आणि झाड लावावयाचें नाहीं.

मोबदला दोन प्रकारचा. खोदकामांत पिकाचें, झाडांचें वगैरे जें नुकसान होईल तें एक. आणि वापराच्या हक्काबद्दल त्या जमिनीच्या बाजारभावाचा दहावा हिस्सा, हें दुसरें. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे जातां येतें. १८९४ चा कायदा २०१३ च्या नव्या कायद्यानें रद्द झाला, तरी १९६२ चा कायदा टिकून राहिला. गुजरातेंतील प्रकरणांत त्यास आव्हान मिळालें, तेव्हां २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो वैध ठरविला.

कायद्याचा हेतु चांगला आहे, यांत मला शंका नाहीं. ज्वारी, कपाशी, तूर पेरणाऱ्याचें एक हंगामाचें नुकसान होतें, पुढच्या मृगांत पुन्हा तिफण फिरते. पण आमच्या काटोल-नरखेडकडे संत्र्याचे बगीचे आहेत. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधलेलें कलम लावलें कीं पांच-सहा वर्षें माणूस केवळ पाणी घालतो. मग कोठें बहार धरतां येतो. तोडलेल्या झाडाची भरपाई मिळते, हें खरें. पण त्या जागीं दुसरें झाड पुन्हा कधींच लावतां येत नाहीं, त्याची किंमत ज्या दहाव्या हिश्शांत धरली आहे तो कोरडवाहूस आणि बागाइतास एकाच मापाचा. बागेच्या जमिनीचा भाव जास्त, म्हणून रक्कमहि जास्त, असें यावर म्हणतां येईल. पण कोरडवाहू जमीन नळानंतरहि कोरडवाहूच राहते. बागेची जमीन बाग राहत नाहीं.

आमच्या महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेचें एकोणपन्नासावें कलम याच्याशेजारीं ठेवून पाहावें. एखाद्या शेतकऱ्यास शेजाऱ्याच्या शेतांतून पाण्याचा नळ न्यावयाचा असेल, तर तहसीलदार चौकशी करून तशी परवानगी देववूं शकतो. तेथें नळ निदान अर्धा मीटर खोल असावा लागतो, नुकसानीची भरपाई द्यावी लागते, आणि शिवाय जागेच्या वापराबद्दल दरवर्षीं भाडें द्यावें लागतें. नळांतून जास्तीचें पाणी असेल तर शेजाऱ्यास दर देऊन तें घेतां येतें. म्हणजे गरिबाचा दोन इंची नळ वर्षानुवर्षें भाडें भरतो, आणि वायूचा अगर तेलाचा थोरला नळ एकदां पैसे देऊन मोकळा होतो. मोठ्या नळासहि वार्षिक भाडें कां नसावें, याचें समाधानकारक उत्तर मला कोणत्याहि पुस्तकांत सांपडलें नाहीं.

अलीकडे मुंबईहून नागपुराकडे आलेला नैसर्गिक वायूचा नळ बहुतेक अंतर समृद्धि महामार्गाच्या कडेकडेनेंच आणला गेला. रस्त्याची जमीन आधींच घेतलेली असल्यामुळें तेथें नव्यानें शेतें धुंडाळावीं लागलीं नाहींत. ही युक्ति शहाणपणाची आहे. पण प्रत्येक नळास असा रस्ता सोबतीस मिळत नाहीं.

त्या गृहस्थांस मीं त्या दिवशीं कसेंबसें सांगितलें, “वावर तुमचंच आहे. पण त्या पट्ट्यांत झाड लावायचं नाहीं, विहीर खणायची नाहीं.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग उरलं काय, गुरुजी?” एकवीसांतले दिवस थोडेच राहिले होते. आम्ही दोघांनीं मिळून हरकतीचा अर्ज लिहिला. बगीच्याच्या धुऱ्याला लागून पडीत जमीन आहे, नळ तेवढा तिकडे सरकवावा, एवढेंच त्यांत मागितलें. सुनावणी झाली. नळ सरकला नाहीं. झाडांचे पैसे मिळाले, सातबाऱ्यावर मालक म्हणून त्यांचेंच नांव राहिलें, आणि इतर हक्कांच्या रकान्यांत एक ओळ वाढली. परवां त्यांच्याकडे गेलों होतों. बगीच्याच्या मधोमध एक लांब मोकळी पट्टी सरळ गेली आहे. दोन्ही अंगांस संत्र्याच्या ओळी आहेत आणि मधें त्यांनीं तूर पेरली आहे.