जिनवाणी ऐकवणाऱ्या जोडीदारणी



दशलक्षण पर्व जवळ आलं की हल्ली मंदिरातल्या कार्यक्रमाच्या निरोपाबरोबर ऑनलाइन स्वाध्यायाची लिंकही येते. ही सवय आपल्याला 2020 साली लागली. पण नवं साधन आलं की काहीजणी जोडल्या जातात आणि काहीजणी मागे राहतात, हे आपल्या इतिहासात आधीही घडलं आहे.

श्रुतपंचमीची कथा आपण दरवर्षी ऐकतो. आगमज्ञान तेव्हा मुखोद्गत होतं. आपल्यानंतर ते लोप पावेल, या चिंतेने गिरनारच्या चंद्रगुफेतल्या धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ते शिकवलं. त्यांनी षट्खंडागम लिपीबद्ध केला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला त्या ग्रंथाची पूजा झाली. ज्ञान टिकलं, पण पोथी वाचायला अक्षरओळख हवी. ज्यांना ती नव्हती त्यांच्यासाठी शास्त्रसभा होती. एकाने वाचायचं, अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

षट्खंडागमावरची धवला टीका कित्येक शतकं मूडबिद्रीत ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत जपलेली होती. लोक दर्शन घेत, पण वाचू शकणारे थोडेच. पुढे तिच्या नकला झाल्या आणि डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला खंड 1939 साली आपल्या अमरावतीहून छापून निघाला, हिंदी अनुवादासह. सोळावा खंड यायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे छापखाना आला तरी मधलं काम माणसांनाच करावं लागलं.

बायकांच्या बाबतीत हे काम मगनबाईंनी केलं. सेठ माणिकचंद हिराचंद यांची ही मुलगी स्वतः तरुणपणी विधवा झालेली. त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका तिथे शिकल्या आणि पुढे स्वतः शास्त्र वाचू लागल्या. त्या काळच्या बाईला पोथी जितकी परकी, तितकाच आजच्या ऐंशी वर्षांच्या आजींना स्मार्टफोन परका आहे. त्याला बुद्धी कमी असं म्हणत नाहीत.

आता 2020. मार्चअखेरीस टाळेबंदी आली, मंदिरं बंद झाली आणि 6 एप्रिलची महावीर जयंती घरातच झाली. ऑगस्टमध्ये श्वेतांबर पर्युषणाच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दादर, भायखळा आणि चेंबूर इथल्या मंदिरांना दोन दिवसांपुरती परवानगी दिली, तीही एका वेळी पाच जणांना. आपलं दशलक्षण 23 ऑगस्टला सुरू झालं ते मोबाइलवरच.

पहिल्या दिवसापासून एक गोष्ट दिसली. ज्यांनी आयुष्यभर एकही शास्त्रसभा चुकवली नाही, नेमक्या त्याच या सभेत नव्हत्या. कोणाला लिंक सुप्रभातच्या चित्रांखाली सापडेना. कोणाला पंडितजी दिसत, पण ऐकू येत नसत, कारण झूममध्ये आवाज जोडण्याचं बटण वेगळं दाबावं लागतं. चाळीस मिनिटांनी फुकटची सभा बंद पडली की कित्येकींना वाटे, प्रवचन संपलं.

मग आमच्या मंडळात जोडीदारणी ठरल्या. एका जाणत्या बाईकडे तीन आजी. आदल्या दिवशी फोनवरून तालीम. ‘निळ्या अक्षरांवर बोट ठेवा. माइकच्या चित्रावर लाल रेघ असेल तर तुमचा आवाज कोणाला जात नाही.’ हेच घरातल्या कोणाकडून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी ठेवायला सांगायचं. सभेच्या दहा मिनिटं आधी लिंक पुन्हा पाठवायची. जिच्याकडे बटणांचा साधा फोन, तिला जोडीदारणीने कॉल लावायचा आणि तो फोन आपल्या घरच्या मोबाइलच्या स्पीकरजवळ ठेवायचा. सामायिकात मोबाइलला हात लावायचा नसेल, तर सगळं आधीच लावून द्यायचं. शिकवताना फोन त्यांच्याच हातात ठेवायचा, हा नियम मात्र पक्का. आपण घेऊन पटकन करून दिलं तर दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आपली वाट बघत बसतात.

एवढं करूनही एक उणीव होती. सगळ्यांनी मिळून पाठ म्हटला तर आवाज मागेपुढे येऊन गोंधळ होतो, म्हणून सगळ्यांचे माइक बंद ठेवावे लागत. एक आजी म्हणाल्या, “मी म्हणते, पण माझ्या घराच्या भिंतीच ऐकतात.” तेव्हापासून दहा धर्म, दहा दिवस, दहा आजी असं ठरवलं. उत्तम क्षमेपासून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत रोज एकीने आधी बोलायचं, मग पंडितजींनी. त्या दहा मिनिटांसाठी आजी दिवसभर तयारी करत.

16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, मंदिरं उघडली आणि बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन सभा हळूहळू थांबल्या. आपण जिने चढून वर गेलो. गुडघे गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, परदेशात मुलाकडे राहणाऱ्या बायका खालीच राहिल्या. जिनवाणी ऐकण्याची त्यांची सोय एकदा झाली होती, ती आपणच काढून घेऊ नये असं मला वाटतं.

येत्या पर्वात मंदिरातल्या प्रवचनासमोर एक मोबाइल लावून ठेवू या. आणि प्रत्येकीने आपल्या ओळखीच्या एका आजींना आजच फोन करून विचारावं, “लिंक उघडते का हो तुमची? नाही तर मी येते.” ज्ञानदान म्हणजे तरी दुसरं काय?

जय जिनेंद्र.