वेलांटी आधी की नंतर

मामाच्या माळ्यावर आजोबांच्या छापखान्यातली खिळ्यांची एक केस अजून आहे. लाकडी, शिशाच्या धुळीनं काळवंडलेली, चौकोनी घराघरांची. तिच्यावर रबरबँड लावलेली फ्लॉप्यांची चळत. केसपुढे आजोबांचा जन्म गेला. फ्लॉप्यांत मामाची १९९८ आणि १९९९ ही दोन वर्षं आहेत.

आजोबा पुण्यात जुळारी होते. मामा वेबसाइट करायचा. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं खरं, पण आमच्या घरात ते शिरलं मामाच्या मोडेमबरोबर. रात्री जेवणं उरकली की फोनची वायर मोडेमला जोडायची आणि लाइन लागेपर्यंतची किरकिर सगळ्या घरानं ऐकायची. त्यानंतर कुणी फोन उचलायचा नाही, अशी सक्त ताकीद.

एकेक टॅग तो नोटपॅडमध्ये हातानं लिहायचा. नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या दोन ब्राउझरांची तेव्हा झुंज चालली होती. १९९७ साली दोघांच्याही चौथ्या आवृत्त्या आल्या आणि एकाला चालेल ते दुसऱ्याला चालेना. एखादं टेबल बंद करायचं राहिलं तर एक्स्प्लोरर सांभाळून घ्यायचा, नेटस्केप कोरं पान दाखवायचा. मामा म्हणतो, त्या कोऱ्या पानानंच मला शिस्त लावली.

खरा छळ मराठीचा होता. फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले, त्यात ज्याची त्याची मांडणी वेगळी. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. म्हणून मराठी साइटच्या दारातच ‘आधी फॉन्ट उतरवून घ्या’ अशी पाटी असायची. पुढे पानाबरोबरच फॉन्ट पाठवायची सोय झाली, तर तिच्याही दोन तऱ्हा: नेटस्केपला एक फाइल, एक्स्प्लोररला दुसरी. एक्स्प्लोररची फाइल साइटच्या पत्त्याला बांधून ठेवता यायची. तशी बांधली आणि पान दुसऱ्या पत्त्यावर हलवलं, की मराठी गेलीच.

मामा एका दिवाळी अंकाची पानं करत होता. त्यात आजोबांनी लिहिलेल्या छापखान्याच्या आठवणी होत्या, त्यामुळे ते रोज त्याच्या मागे खुर्ची ओढून बसायचे.

“अरे, ऱ्हस्व वेलांटी आधी टाकतोस की नंतर?”

“आधी, अण्णा. वेलांटी, मग अक्षर.”

आजोबांचा चेहरा खुलला. जुळणीच्या स्टिकमध्ये त्यांनीही खिळे असेच लावले होते. मग गोष्टी सुरू झाल्या. १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींचं नाव ते घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घ्यायचे. इंग्रजीचं थोड्या घरांत भागतं, आपल्याला जोडाक्षरं आणि काना-मात्रांपायी शेकड्यांनी खिळे लागतात, म्हणून लोकमान्यांनीसुद्धा खिळे कमी करायचा ध्यास घेतला होता, हे सांगताना त्यांचा हात हवेत नकळत एकेका घराकडे जायचा.

मामानं त्यांना सी-डॅक या संगणकसंस्थेतल्या कामाबद्दल सांगितलं. पुण्यातच चाललेलं काम ते. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी जे प्रमाण ठरलं, त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवायची होती: आधी क, मग वेलांटी. पुढे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडनंही तोच क्रम घेतला. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे डोळ्यांनी नाही, कानानं जुळवायचं.” इतक्या थोडक्यात हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

विंडोज २००० बरोबर युनिकोडचा मंगल फॉन्ट आला आणि मराठी मराठी म्हणूनच साठवता येऊ लागली. तोवर मामाची कंपनी बंद पडली होती, साइट गेली होती. आजोबाही राहिले नव्हते. आजोबांनी जुळवलेली पुस्तकं कपाटातून काढली की आजही वाचता येतात. मामाची पानं उघडली की टक्के आणि कंस. याचं मला फार वाईट वाटतं. मराठी वेबची पहिली काही वर्षं अशीच पुष्कळ हरवली.

गेल्या पावसाळ्यात मामा ती पानं सोडवायला बसला. डावीकडे जुनी खूण, उजवीकडे युनिकोडचं अक्षर, असा तक्ता त्यानं हातानं केला. सगळ्यात नडली ती वेलांटीच. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलीत वेलांटी सगळ्यात पुढे, मग अर्धा स, मग थ. तिला दोन्ही अक्षरांवरून उचलून थ-च्या मागे नेऊन ठेवायचं. अर्धं अक्षर आलं की आणखी एक पाऊल पुढे, असा नियम त्यानं प्रोग्रॅममध्ये घातला आणि पानामागून पान उलगडत गेलं.

आजोबांच्या लेखाची फ्लॉपी मात्र वाचलीच गेली नाही. पण प्रूफ कागदावर हवं, पडद्यावर मी तपासणार नाही, असा आजोबांचा हट्ट होता, म्हणून मामानं तेव्हा ती पानं छापून दिली होती. ती केसच्या तळाशी सापडली. तिसऱ्या पानावर एक वेलांटी लाल शाईनं दीर्घ केलेली, समासात आजोबांची खूण. मामानं लेख पुन्हा टाइप केला, ती दुरुस्ती धरून.