पालीचा वर्ग कुणी भरवला?

मारेगावहून एक मेसेज आलाय. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वणीकडचं. लिहिलंय, "आम्ही कॉलेजातली सात-आठ पोरंपोरी बुद्ध समजून घ्यायला मंडळ काढतोय. विहारात त्रिशरण-पंचशील लहानपणापासून म्हणतो, पण पाली कुणालाच वाचता येत नाही. सुरुवात कुठून करावी?"

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या साखवाळच्या एका तरुणाला पडला होता. धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. शाळा जेमतेम झालेली. 'बालबोध' या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते डोक्यातून जाईना. १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. (हे मला दरवेळी टोचतं. त्या बाईंनी काय सोसलं, यावर आपण फार कमी बोलतो.) पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असं फिरले, पण बौद्ध धर्म शिकवणारा इथे कोण होता? शेवटी १९०२ मध्ये श्रीलंकेत सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात पाली हाती लागली.

परत आल्यावर कलकत्ता विद्यापीठात नोकरी मिळाली. चांगली नोकरी हो! पण त्यांना शिकवायचं होतं मराठी मुलांना. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. कोसंबींनी कलकत्त्याचा मोठा पगार सोडून हे पन्नास घेतले. पुढे रामकृष्ण भांडारकरांच्या पाठिंब्यानं मुंबई विद्यापीठात पाली विषय आला, आणि १९१२ पासून सहा वर्षं कोसंबी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते.

त्या वर्गातून पु. वि. बापट घडले. १९५६ मध्ये भारत सरकारनं बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवर काढलेल्या ग्रंथाचे संपादक तेच. ना. के. भागवतांनी मुंबई विद्यापीठासाठी पाली ग्रंथ देवनागरीत आणले. हे काम लहान नाही. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहली येते का, ब्रह्मी येते का, नाहीतर रोमन, अशी आधी पंचाईत. ती निम्मी सुटली.

पण स्पष्ट बोलायचं तर हा वर्ग कॉलेजपर्यंत पोचलेल्या मोजक्यांचा होता. ज्यांच्या जगण्याचा प्रश्न बुद्धाशी जोडला जाणार होता, ती पोरं त्या बाकांवर जवळपास नव्हतीच. कोसंबींना ते कळत होतं. म्हणून तर १९३७ मध्ये मुंबईत परळला, कामगारांच्या वस्तीत, त्यांनी बहुजन विहार काढला.

बाक खऱ्या अर्थानं मोकळे केले ते बाबासाहेबांनी. त्यांचीही सुरुवात मराठी पुस्तकातूनच. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले म्हणून सत्कार झाला, तेव्हा केळुस्करगुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. १९५० मध्ये औरंगाबादला त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं. नाव मिलिंद, परिसर नागसेनवन. मराठवाड्यातली, विदर्भातली पोरं तिथे शिकायला आली. दीक्षाभूमीवरच्या सोहळ्याला अजून सहा वर्षं होती. म्हणजे कॉलेज आधी, दीक्षा नंतर.

आता नावाकडे बघा. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, प्रश्न विचारविचारून भल्याभल्यांना गप्प करणारा. पाली 'मिलिंदपञ्ह'मध्ये भिक्खू नागसेन त्याला आधीच अट घालतो : पंडितांसारखं बोलणार असलात तर बोलू, राजासारखं असेल तर नाही. पंडित हरला तर रागावत नाही. राजाला उलट उत्तर दिलं की तो शिक्षाच करतो. राजा अट मान्य करतो, मग चर्चा सुरू होते.

तर मारेगावकर, आधी कोसंबींचं 'भगवान बुद्ध' घ्या, मराठीतच आहे. पालीची बाराखडी शिकायची नाही, देवनागरी येतेच तुम्हाला. आणि कोसंबी गेले ते सेवाग्रामला, जून १९४७ मध्ये. तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात. पहिली सहल तिकडे काढा, फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात.