इसे व ह्यूगा
दुसऱ्या महायुद्धकाळात अंशतः विमानवाहू स्वरूप देण्यात आलेल्या दोन जपानी युद्धनौका. त्या अनुक्रमे १९१७ व १९१८ मध्ये नौदलात दाखल झाल्या. जून १९४२ मधील मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. ही उणीव त्वरित भरून काढण्यासाठी १९४३ मध्ये या नौकांचे मागील दोन तोफबुरूज काढून तेथे विमानकोठी बांधण्यात आली. प्रत्येकीवर सु. २२ विमाने ठेवण्याची योजना होती. ती क्षेपकयंत्राने उडविता येत; पण नौकेवर उतरू शकत नसत. जलविमाने समुद्रावरून यारीने उचलावयाची व बाँबफेकी विमानांनी अन्य विमानवाहू जहाजांवर किंवा जमिनीवरील तळांवर उतरावयाचे, असे ठरले होते. विमाने व वैमानिक यांच्या तुटवड्यामुळे हा बेत तडीस गेला नाही. ऑक्टोबर १९४४ मधील लेते आखाताच्या लढाईत व्हाइस ॲडमिरल जिसाबुरो ओझावा यांच्या आमिष-दलात त्या विमानांविनाच लढल्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांनी सिंगापूरहून इंधन, रबर व कथील जपानला पोहोचविले. जुलै १९४५ मध्ये कुरे बंदराच्या परिसरात अमेरिकी विमानांनी दोन्ही उथळ पाण्यात बुडविल्या. ज्या हवाई सामर्थ्यासाठी त्यांच्या १२ पैकी ४ मोठ्या तोफा काढल्या, ते त्यांना युद्धात लाभलेच नाही.