पेटंटमधील साम्य आणि भाषा-प्रारूपे

जखमेवर हळद लावण्याच्या उपचाराचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मंजूर झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ व शोधनिबंध यांतील ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द ठरले. एखादा शोध खरोखर नवा आहे का, हे आधीच तपासणे किती निकडीचे असते, याचा हा दाखला होय. या तपासणीत आता भाषा-प्रारूपांचे, म्हणजेच लँग्वेज मॉडेलचे साहाय्य घेतले जाते.

मुख्य अडचण शब्दांची असते. एक अर्जदार ‘चेंडू’ लिहितो, तर दुसरा ‘गोलाकार वस्तू’. दाव्यांची व्याप्ती वाढावी म्हणून असे व्यापक शब्द हेतुपूर्वक योजले जातात. त्यामुळे केवळ शब्द जुळवणारा शोध फसतो. कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलेल्या पद्धतीत दुर्मिळ शब्दांना अधिक वजन मिळाले; तथापि समानार्थी शब्दांचे कोडे तिने सुटले नाही.

भाषा-प्रारूप मजकुराचे रूपांतर शेकडो आकड्यांच्या मालिकेत करते. अशा दोन मालिका म्हणजे जणू दोन दिशा. त्यांमधील कोन जितका लहान, तितके साम्य अधिक. गूगलने २०१८ साली ‘बर्ट’ हे प्रारूप प्रसिद्ध केले आणि पुढे दहा कोटींहून अधिक पेटंटच्या मजकुरावर त्याची खास आवृत्ती घडवली. मात्र मूळ ‘बर्ट’ एका वेळी ५१२ शब्दखंडच वाचते. त्यामुळे दीर्घ पेटंटचा सारांश, दावे किंवा वर्णनाचे तुकडे स्वतंत्रपणे ताडून पाहावे लागतात. प्रारूपाची अचूकता पारखण्यासाठी युरोपीय पेटंट कार्यालयाचे शोध-अहवाल उपयोगी पडतात. नावीन्याला किंवा कल्पकतेला एकट्याने बाधा आणणारा दस्तऐवज परीक्षक त्यांत ‘एक्स’ या अक्षराने नोंदवतात.

तरीही साम्याचा आकडा म्हणजे निर्णय नव्हे. ‘१० ते २० टक्के’ आणि ‘४० ते ५० टक्के’ एवढाच फरक असलेले दोन दावे प्रारूपाला जवळजवळ सारखे भासू शकतात; कायद्याच्या दृष्टीने मात्र तो फरक निर्णायक ठरू शकतो. दाव्यातील सर्व घटक एकाच पूर्वीच्या दस्तऐवजात आढळले, तरच नावीन्य बाधित होते. म्हणून प्रारूपाने फक्त यादी लावावी आणि निवाडा परीक्षकाने करावा, हेच उचित.

शिवाय जे संग्रहात नाही, ते कोणत्याही प्रारूपाला सापडत नाही. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू व तमिळ ग्रंथांतील औषधी ज्ञान परदेशी परीक्षकांना वाचता यावे, यासाठी २००१ साली भारताने पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे काम हाती घेतले, ते याच कारणाने. साम्य मोजण्याआधी ज्ञानाची नोंद व्हावी लागते, हाच हळदीच्या लढ्याचा धडा आहे.